उपरण्याखालची बोली

तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, वसतिगृहाच्या फाटकाशी आले तेव्हा त्यांच्या हातात इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण होतं. मी बारामतीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे इंग्रजीतला कोणताही कागद आमच्या कळस गावाहून माझ्याकडेच यायचा.

कात्रण लिलावाचं होतं. एमआयडीसीतली एक कंपनी बंद पडली होती आणि तिचं सामान विकायला निघालं होतं. यंत्रं, टेबलं, कपाटं आणि सगळ्यात शेवटी एक मोटार. परदेशी, जुनी, उघड्या टपाची, टर्बो इंजिनाची.

"हिच्यात नवरदेव कसा दिसंल, सांग," तात्या म्हणाले.

मेंढरं विकल्यापासून तात्यांची एक जीप होती. लग्नसराईत ती वऱ्हाडं न्यायची. वरातीला मात्र लोक घोडा सांगत, आणि घोडा फटाक्यांना बुजायचा. उघडी गाडी असेल तर इंदापूर-बारामतीतली प्रत्येक वरात आपली, हा त्यांचा हिशेब. मेंढरं गेल्यावर त्यांनी मनापासून काही मागितलेलं मला आठवतं ते हेच.

"टर्बो म्हंजी काय?"

मी दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारून आले. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो आत जास्त हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते, असं मी तात्या पुन्हा आले तेव्हा सांगितलं.

"म्हंजी तिचाच धूर तिलाच कामाला लावायचा," तात्या म्हणाले. "माणूस लबाड हाय बनवणारा."

गाडी बघायच्या दिवशी आम्ही शेडमध्ये गेलो. वॉचमननं ताडपत्री ओढली. गडद हिरवा रंग, पिवळट चामड्याच्या खुर्च्या, एक ओरखडा नाही. वॉचमन म्हणाला की मालक परदेशी गेल्यापासून दर गुरुवारी तो ती चालू करतो, पुसतो, टप उघडून वारा देतो.

तात्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते गाडीभोवती फिरत राहिले. मेंढरं होती तेव्हापासून ते जनावरांच्या बाजारात दलाली करत. बाजारात जे जनावर फार तुकतुकीत दिसतं, शिंगांना तेल आणि अंगाला खरारा केलेलं, त्याच्याकडे ते आधी संशयानं बघत. त्यांनी दारांच्या फटींत बोट घातलं, चाकं हलवून बघितली, खाली वाकून पोट बघितलं.

"एवढी चांगली हाय, मग इतकी वर्सं कुनी नेली का न्हाय?"

"आबा, कोर्टात अडकली हुती," वॉचमन म्हणाला.

"जरा चालवून दाखवा."

"चालू करून दाखवतो. चालवायची परवानगी न्हाय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. चालवून न दाखवणारा विक्रेता, यापुढे त्यांना काही सांगायची गरज नव्हती. इंजिन चालू झालं ते इतकं हळू की मला वाटलं बंदच आहे. तेही त्यांना आवडलं नाही.

लिलावाच्या दिवशी सकाळी आम्ही लवकर पोचलो. तात्या नाव नोंदवायला गेले आणि मी शेडच्या सावलीला उभी राहिले. तिथून मला दिसलं की वॉचमन एका चष्मेवाल्या माणसाशी खाली आवाजात बोलतोय. वॉचमननं खिशातून काहीतरी घडी केलेलं काढून त्याच्या हातात दिलं. दोघे हसले. तो माणूस इकडेतिकडे बघून ते पाकिटात ठेवत बाहेर गेला.

त्याला जाऊन विचारावं असं मनात आलं. पण मी अनोळखी पुरुषाशी बोलतेय हे चार लोकांनी बघितलं असतं तर गावात माझ्याआधी बातमी पोचली असती. मी तात्यांना जेवढं दिसलं तेवढंच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "तात्या, तो चष्मेवाला आणि वॉचमन आतून एक आहेत, असं मला वाटतं."

"वाटतं" हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाले.

यंत्रं विकून झाली. गाडीचा नंबर आला. लिलाव पुकारणाऱ्या साहेबांनी टेबलामागून विचारलं, "बोला, कोण बोलतंय?" तात्या उठले, सरळ टेबलापर्यंत गेले, आणि खांद्यावरचं उपरणं साहेबांच्या हातावर टाकून खालून त्यांची बोटं धरली. जनावराचा भाव असाच होतो. किती बोटं दाबली ते दोघांनाच कळतं, बाकीच्यांनी बघायचं ते फक्त चेहरे.

विंचू चावल्यासारखा साहेबांनी हात काढून घेतला. "ओ, काय करताय?"

"भाव सांगतोय, सायेब."

"मोठ्यानं बोला!"

"सगळ्यांच्या म्होरं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, म्हस न्हाय ती, दात बघून या आधी!" शेडभर हशा झाला. मी खाली बघत राहिले.

तात्या परत येऊन बसले. भाव मोठ्यानं सांगायला लावणं ही त्यांच्या लेखी लबाडीची आणखी एक खूण होती. तरी त्यांनी बोली केली. चष्मेवाल्यानं लगेच पुढची केली. तात्यांनी पुन्हा केली, त्यानं पुन्हा. तिसऱ्या वेळी तात्या माझ्या कानाशी वाकले.

"ह्योच ना?"

मी मान डोलावली.

"मालकाचा माणूस हाय. भाव चढवाया बसवलाय. आपून थांबलो की पडंल तोंडावर." आणि ते हाताची घडी घालून बसले.

कुणी तोंडावर पडलं नाही. चष्मेवाल्यानं गाडी घेतली, दुपारी टप उघडून स्वतः चालवत नेली. फाटकातून वळताना त्यानं वॉचमनला हात केला. "बगितलंस?" तात्या म्हणाले.

पुढचे दोन महिने ते जिथे भेटतील तिथे सांगत होते, की पोरगी शिकलेली म्हणून मी वाचलो. निमगावच्या बाजारात लोक मला थांबवून विचारायचे. खरं सांगते, मला ते आवडत होतं.

मग तोच वॉचमन आमच्या वसतिगृहाच्या फाटकावर कामाला लागला. ओळख पटल्यावर एक दिवस मी धीर करून त्या घडी केलेल्या वस्तूबद्दल विचारलंच. तो आधी समजेना, मग हसला. गाडीच्या डिकीत टपाच्या कापडाचा जादा तुकडा होता. तसं कापड मुंबईत मिळेल का हे बघायला चष्मेवाल्यानं चिंधीभर नमुना मागितला होता. गाडी आपल्याला मिळेल की नाही हे माहीत नसताना. "येडा हुता गाडीसाठी," तो म्हणाला. त्यानं मला चष्मेवाल्याकडून आलेलं एक पोस्टकार्ड दाखवलं. गाडी उत्तम चालते, तुम्ही ती फार जपली, असं त्यात लिहिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तात्यांना सगळं सांगितलं. ते जीपचं चाक बदलत होते, हात थांबला.

"कुनी सांगितलं तुला?"

"वॉचमननं."

"त्योच, चष्मेवाल्याच्या संगतीतला?"

"व्हय. पण तात्या, पोस्टकार्ड मी माझ्या डोळ्यांनी वाचलं."

"कागूद काय, कुनी बी लिहितं." ते माझ्याकडे बाजारातल्यासारखं बघत राहिले. "त्या टायमाला एक सांगितलंस, आता दुसरं. तुला गाठलं का काय त्यांनी?"

मी चुकले होते, एवढंच मला म्हणायचं होतं. ते चाकाकडे वळले.

जानेवारीत चुलती वसतिगृहावर आली. पिशवीतून जीपच्या विम्याचा कागद काढला.

"निमगावच्या मास्तरांनी वाचलाय ह्यो," ती म्हणाली. "ते काय बोलले ते तुला सांगायचं न्हाय, असं ह्यांनी बजावलंय. आधी तू सांग."

मी कागद उघडून वाचायला लागले. चुलती कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.