उभ्याने ऐकणाऱ्या परबबाई

परबबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नाचत होत्या. अंधेरीतल्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, भर दुपारी, दोन टेबलांमधल्या चिंचोळ्या जागेत. कानाला हेडफोन, पदर कमरेला खोचलेला, डोळे मिटलेले. गाणं फक्त त्यांनाच ऐकू येत होतं, त्यामुळे आम्हाला दिसत होता तो नुसता नाच. माझा नोकरीचा पहिलाच दिवस. मी घाबरून शेजारच्याला विचारलं, "मॅडमना बरं नाही का?" तो मान वर न करता म्हणाला, "काम करतायत."

काम म्हणजे परीक्षण. नव्या अल्बमांची परीक्षणं त्या वर्षानुवर्षं लिहीत होत्या आणि त्यांचा एक नियम होता. ख्याल, ठुमरी, गझल खुर्चीत बसून ऐकायची. पण जी गाणी लग्नात, गणपतीत, जिममध्ये वाजणार, ती उभ्यानेच. "लोक ज्याला उठून उभे राहतात, त्याचा निकाल बसून लावायचा नाही," असं त्या बजावायच्या. मूळ गाव मालवणकडचं, वडील गिरणीत कामाला. त्यामुळे बाई रागावल्या की मालवणी बाहेर यायची. "बसान काय समाजतला तुका, मेल्या?" हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते गोड लागायला लागलं.

मला तेव्हा चालू गाण्यांचा भारी तिटकारा. पहिल्याच परीक्षणात मी ऐटीत 'बाजारू संगीत' असं लिहिलं. बाईंनी बोलावून घेतलं.

"बाजारू म्हणजे काय रे?"

"म्हणजे... विकायला केलेलं. सगळ्यांना आवडेल असं."

"मग पापलेटही बाजारूच की! कोळीण ते विकायलाच आणते ना? आपण काय करतो? कल्ले उघडून बघतो. लाल असले तर घेतो, नाहीतर पुढे जातो. तू नुसतं लांबून नाक मुरडलंस." मी जायला निघालो तर परत हाक मारली. "आणि लोकांना आवडलं म्हणून डोक्यावरही घेऊ नकोस. गर्दी असते तिथेही मासा शिळा निघतो."

मग बाईंचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, नवा गुडघा बसला आणि बाई मुलुंडच्या घरी पलंगाला खिळल्या. नेमका त्याच वेळी गोरेगावच्या एका मुलीचा पहिला अल्बम आला. ऑर्केस्ट्रात गाणारी पोर. तिचं एक गाणं रील्सवर असं पसरलं की रिक्षावाल्यापासून नवरदेवापर्यंत सगळे त्यावर नाचत होते. समीक्षकांनी मात्र तिला सोलून काढलं होतं. तिच्या दुसऱ्या अल्बमला आता कंपनी तयार होत नाहीये, असंही कानावर येत होतं. आमच्या संपादकांनाही तसंच चुरचुरीत काहीतरी हवं होतं. त्यांनी बाईंना फोन लावला.

"शुक्रवारपर्यंत द्या. जरा हसू येईल असं."

"देईन, पण अजून धड उभी राहत नाहीये मी."

"मग बसून लिहा की!"

"ते नाही जमायचं."

"मग हे परीक्षणाचं पान दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल," असं म्हणून संपादकांनी फोन ठेवला. मला बाईंचा राग आला आणि काळजीही वाटली. या पानाशिवाय त्यांचा जीव रमणार नाही, हे मला माहीत होतं.

शेवटी मीच स्पीकर घेऊन मुलुंडला गेलो. वॉकर धरून बाई उभ्या राहिल्या. एक गाणं उभ्याने ऐकायचं, मग पलंगावर टेकायचं, घाम पुसायचा, पुन्हा उठायचं. सातवं गाणं अगदीच भिकार होतं. मी म्हटलं, "बाई, याला तरी बसा."

"वाईट गाण्यालाच नीट उभं राहायचं असतं रे. उद्या त्याची वाट लावणार आहे ना मी?"

ते गाजलेलं गाणं त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दुसऱ्या कडव्याला नवा गुडघा तालावर हलला. रोज व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी त्या गुडघ्याची मनधरणी करून थकली होती. बाई लहान मुलीसारख्या ओरडल्या, "बघ, बघ! मी नाही हलवला हां!"

परीक्षण शुक्रवार उलटून गेल्यावर पोचलं. दोन गाणी झकास, गाजलेलं गाणं खरंच चांगलं आणि ते का चांगलं याची कारणं, बाकी भरती, सातवं पार फसलेलं. संपादक कुरकुरले, पण वाचून झाल्यावर त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. पान दुसऱ्याला देण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्या गोरेगावच्या गायिकेचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या घरीच होतो; बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "मॅडम, सातवं गाणं फसलंय असं लिहिलंत तुम्ही."

"लिहिलं. मग?"

"फसलंयच ते. पण शिव्या तर सगळ्यांनीच दिल्या ना. सातव्यापर्यंत पोचलात त्या तुम्ही एकट्याच."

बाईंनी डोळे पुसले. मग घसा खाकरून म्हणाल्या, "कडव्यावरून धृपदावर परत येताना घाई करतेस गं तू. पुढच्या वेळी सांभाळ."

आता बाई निवृत्त झाल्यात. मुलुंडच्या बागेत रोज फेऱ्या मारतात, पान मी सांभाळतो. गेल्या आठवड्यात त्या मुलीचा दुसरा अल्बम आला. दिवसभराच्या कामाने मी दमलो होतो. खुर्चीत पाय ताणून पहिलं गाणं लावणार, एवढ्यात फोन वाजला.

"आला ना रे तिचा अल्बम? उभा आहेस ना?"

मी आधी उठलो आणि मग म्हणालो, "आहे, बाई."