रिकाम्या गाडीचा रिपोर्ट

"गाडी ओके आहे, एवढं कागदावर लिहून द्या. बाकी घरी काय बोलायचं ते मी बघतो," मंगेश पिंगळे म्हणाला.

ती गाडी माझ्याकडे तिसऱ्यांदा आली होती. मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये सीनियर टेक्निशियन आहे. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग हे माझं खातं. म्हणजे गाडी रस्त्यावर कशी बसते, कशी वळते, सरळ सोडली तर सरळ जाते का, ते बघायचं. ही गाडी म्हणजे जुनी स्टेशन वॅगन. साधी कारच, पण छत मागेपर्यंत नेऊन डिकी मोठी केलेली. आपल्याकडे अशा गाड्या फारशा खपल्या नाहीत. ज्यांनी घेतल्या ते मात्र त्या सोडायला तयार नसतात.

तक्रार होती मंगेशच्या वडिलांची. वळणावर गाडी मागून ढकलल्यासारखी होते, हातात राहत नाही. गाडी घेऊन यायचा मात्र मंगेश. आणि दर वेळी चावी देताना म्हणायचा, "मी रोज अंबडला ऑफिसला नेतो. मला तर काही जाणवत नाही."

पहिल्या खेपेला मी व्हील अलाइनमेंट केली. चारही चाकं एका दिशेला बघतायत की नाही, ते मशीनवर मोजतात. बरोबर असेल तर स्क्रीनवर हिरवं, चूक असेल तर लाल. सगळं हिरवं आलं. दुसऱ्या खेपेला टायर पुढचे मागे केले, बॅलन्सिंग केलं, स्टिअरिंगचे जोड बदलले. पुन्हा हिरवं. तिसऱ्या खेपेला गाडी लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च मारून एकेक नट बघितला. रिंग रोडला दोन चकरा मारल्या. गाडी लोण्यासारखी चालत होती. आता माझं डोकं फिरायला लागलं होतं. ज्या गाडीत दोष नाही, ती तीन-तीनदा का येते?

मी रिपोर्टवर लिहिलं, 'तपासणीत दोष आढळला नाही.' खाली सही केली. मंगेशने कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. एवढ्या जपून रिपोर्ट नेणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

आठ दिवसांनी एक सत्तरीचे गृहस्थ सिटी बसने आले. पांढरा शर्ट, पायात सँडल. काउंटरवर तोच कागद ठेवून म्हणाले, "ही सही तुमची का?"

"हो. काय झालं?"

"मी मंगेशचा बाप. तुमच्या या सहीनं माझी चावी गेली."

मग सगळं कळलं. तिसऱ्या खेपेच्या आदल्याच आठवड्यात दिंडोरी रोडच्या एका वळणावर गाडी त्यांच्या हातून सुटून कडेच्या मातीत उतरली होती. शेजारी काकू, म्हणजे मंगेशची आई, होत्या. दोघांना खरचटलंसुद्धा नाही, पण काकू घाबरल्या. मंगेशचं म्हणणं, वय झालं, हात थरथरतात, आता गाडी चालवायची नाही. काकांचं म्हणणं, दोष गाडीत आहे. आणि माझ्या कागदावर तर दोष नव्हता.

"काका, तीनदा बघितली मी गाडी," मी म्हणालो. आवाज चढलाच माझा. "मशीन खोटं बोलत नाही."

"मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर तीस वर्षं काढली. मशीन खोटं बोलत नाय, मला ठाऊक हाय. पण विचारलं तेवढंच सांगतं ते. तुम्ही एकदा माझ्या शेजारी बसा. मी चुकलो तर लायसन तुमच्यासमोर मंगेशच्या हातात देतो."

आमचे मालक देवरे आतून ओरडले, "त्या गाडीसाठी आता लिफ्ट अडवायची नाही हं! चार गाड्या वेटिंगला आहेत."

"लिफ्ट नको," काका म्हणाले. "रस्ता पाहिजे."

माझी सुट्टी रविवारी. त्यातला अर्धा दिवस या माणसाला द्यायचा म्हणजे जिवावर आलं होतं. पण ती सही माझी होती. गेलो.

सकाळी मखमलाबादला त्यांच्या घरी पोचलो. मंगेशने चावी दिली, तीही "मी मागे बसणार" या अटीवर. काका चालवायला बसले. मी शेजारी. हात थरथरत नव्हते. गिअर वेळेवर, आरसा बघून इंडिकेटर, खड्ड्याच्या आधी ब्रेक. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांपेक्षा बरं चालवत होते. आणि गाडी एकदम सरळ. मागून मंगेश म्हणाला, "बघा, काही आहे का?" मी मनात म्हटलं, गेला माझा रविवार.

मग काका भावाच्या मळ्यावर थांबले. बांधावर टोमॅटोचे आठ क्रेट भरून ठेवलेले होते. वणीच्या भाजीवाल्यांना काका दर आठवड्याला टोमॅटो पोचवायचे. क्रेट डिकीत चढवले. दीडशे किलोच्या वर वजन झालं. गाडीचं बूड खाली बसलं.

दिंडोरी रोडला लागलो. साठच्या स्पीडला पहिलं मोठं वळण आलं. काकांनी स्टिअरिंग हळूच वळवलं, आणि गाडी जेवढी वळायला हवी त्यापेक्षा जास्त वळली. जणू मागे दुसरं स्टिअरिंग आहे आणि ते कोणी वेगळाच माणूस फिरवतोय. काकांनी ती सावरली, पण माझा हात दरवाजाच्या हँडलवर गेलाच.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो. पुढचं वळण मी स्वतः घेतलं. काकांनी साठला सावरलेली गाडी मला पन्नासला जड गेली. 

गाडी कडेला लावली आणि मला राहवलं नाही. "काका, मागे माल असतानाच असं होतं, हे आधी का नाही सांगितलं?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं. मंगेशला. तो म्हणला, मी सांगतो त्यांना."

मी मागे वळून बघितलं. मंगेश खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला वाटलं, डॅडी कारण काढतायत."

तीन खेपा. एवढ्याशा एका वाक्यासाठी. मला मंगेशचा सणसणीत राग आला. पण मग राग माझ्याकडेच वळला. गाडी कशासाठी वापरता, मागे काय भरता, हे मीही तीनदा विचारलं नव्हतं. रिकामी गाडी मशीनवर घेतली, रिकामीच फिरवली.

काका शांतपणे म्हणाले, "टर्बाइन रिकामी फिरते तवा लय गुणी असते. लोड चढला की तिचं खरं कळतं."

टोमॅटो तीसच्या स्पीडने वणीला पोचवले. सोमवारी काका आणि मंगेश गाडी वर्कशॉपला घेऊन आले. मी डिकीत दोन जुने गिअरबॉक्स आणि ट्रकच्या चार बॅटऱ्या ठेवल्या. देवरे बाहेर आले. "रिपेअर करतोयस की भंगार भरतोयस?"

"दोन मिनिटं थांबा," मी म्हणालो आणि मशीन चालू केलं. मागच्या डाव्या चाकाचा आकडा लाल झाला. देवरे स्क्रीनकडे बघत राहिले.

गाडी तशी भरलेलीच खड्ड्यावर घेतली. खड्डा म्हणजे खाली उतरून काम करायची जागा. गाडीचं वजन तिथे चाकांवरच राहतं. लिफ्टवर चाकं लोंबकळतात, फरक एवढाच. मागची दोन्ही चाकं ज्या आडव्या दांड्याला असतात, तो गाडीला रबरी बुशने जोडलेला असतो. बुश म्हणजे लोखंडी नळीत बसवलेला रबराचा जाड गोळा, धक्के खाणारा. डावा बुश आतून फाटला होता. चाकं लोंबकळली किंवा डिकी रिकामी असली की भेग मिटून जायची. डिकीत वजन आलं की उघडायची, आणि वळणावर मागची बाजू तिरकी सरकायची. मी पहार लावून ढकललं तर दांडा बोटभर हलला.

मंगेशला खाली बोलावून दाखवलं. त्याने वाकून बघितलं. मग स्वतः पहार धरून एकदा ढकललं. "आई होती गाडीत," एवढंच म्हणाला.

दोन्ही बुश बदलले. डिकीतलं भंगार तसंच ठेवून काकांना म्हणालो, "चला, तुम्ही चालवा." त्र्यंबक रोडला लांबवर जाऊन आलो. गाडी सांगितलं तेवढीच वळली.  परत आल्यावर काकांनी चावी मंगेशसमोर धरली. मंगेश म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडं." माफी वगैरे त्याने मागितली नाही. काकांनीही त्याची वाट बघितली नाही, चावी शर्टाच्या खिशात टाकली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. मुलगा, जावई, ड्रायव्हर, कुणीही गाडी घेऊन आला तरी तक्रार मी त्याच्या तोंडून घेत नाही. ज्याला त्रास झालाय त्याला घेऊन या म्हणतो, आणि गाडीत एरवी जे काही भरता तेही आणा. परवा एक जण चिडून म्हणाला, "आता काय सासूबाईंना पण आणू का?"

मी म्हटलं, "मागच्या सीटवर त्याच बसत असतील, तर आणा."