समाधीचा दिवा

कृषी विद्यापीठाच्या गेटवर गहिनीनाथ तीस वर्षं पहाऱ्याला उभा राहिला. आज वाचनालय आहे तिथं त्याच्या घरची विहीर होती. मुलींच्या वसतिगृहाखाली तुरीचं रान. जमीन विद्यापीठात गेली, बदल्यात बापाला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, मग त्याला. आजोबांची समाधी मात्र आतच राहिली, बियाण्यांच्या प्लॉटात, आणि तिथं बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. दर अमावस्येला दिवा लावायचा तर घरचं कुणीतरी नोकरीत हवंच. मेलेल्या म्हाताऱ्यानं अख्खं घर गेटला बांधून ठेवलं!

निवृत्तीच्या दिवशी तो सुप्याच्या कारखान्यात लागलेल्या मुलाला म्हणाला, "अमृत, ती नोकरी सोड. गेटवर माझी जागा रिकामी हाय."

"आन् माझ्यामागं कोण?" अमृत खवळला.

गहिनीनाथ अंगणात रांगणाऱ्या नातीकडं बघत राहिला.