गेल्या अखाजीला काय झालं

अक्षरं मी पत्रकांवरून शिकलो. वडील सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होते. गेटवर वाटलेली गुलाबी-पिवळी पत्रकं ते खिशातून घडी घालून आणायचे आणि मी डिंडोलीतल्या आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ती मोठ्यानं वाचून दाखवायचो. वडील गेले तोवर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागलो होतो. मालकांविरुद्ध लिहिली, हप्ते खाणाऱ्या पोलिसांविरुद्ध लिहिली, आणि दारूबंदीच्या राज्यात उघड्यावर दारूच्या पोटल्या विकणाऱ्यांविरुद्ध तर फारच जोरात लिहिली. लिहून झालं की त्याच अड्ड्यावर जाऊन प्लास्टिकच्या पोटलीचा कोपरा दातानं तोडायचो. यात मला काही वावगं दिसत नसे. विकणारा गुन्हेगार आणि पिणारा बळी, असं माझ्याच पत्रकात छापलेलं होतं.

प्लेगच्या पुढल्या वर्षी अखाजीला थोरली बहीण माहेरी आली. अक्षय्य तृतीयेला खानदेशातली लेक माहेरी येते, झोका खेळते, मुक्काम करते. ताई दिलेली बमरोलीला, पायी जाण्याइतकी जवळ, तरी या सणाची ती वर्षभर वाट बघायची. सकाळी चाळीमागच्या लिंबाला मी तिच्यासाठी झोका बांधला, हे मला आठवतं. माय उंबऱ्याशी चूल मांडून खापरावर पुरणाचे मांडे भाजत होती, हेही आठवतं. दुपारी मी बाहेर पडलो. त्यानंतरचं काहीच नाही. जाग आली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. ताई निघून गेली होती आणि चुलीवर खापर नव्हतं.

"माय, काय व्हयनं?" मी विचारलं.

"काही नही व्हयनं रे भाऊ. खापर तडकनं. तू जेव."

ताई नंतर आली नाही. दिवाळीला नाही, वडिलांच्या श्राद्धालाही नाही. तेव्हा मी दारू सोडली.

उधन्याला एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक असायची. बँकेतून निवृत्त झालेले एक सुरती काका ती चालवायचे. पहिल्यांदा बोलायला उभा राहिलो तेव्हा मी गिरण्यांवर बोललो, अड्ड्यांवर बोललो, घामाचा पैसा कुठून कुठे जातो तेही सांगितलं. आवाज चढत गेला. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वाह भाई," ते म्हणाले, "आ तो छापी नाखो!"

हे तर छापूनच टाका. खोली हसली. मग हसू थांबवून काका म्हणाले, "मालिक का हो गया, पुलिस का हो गया. हवे तमे शुं कर्युं, ए कहो."

तुम्ही काय केलंत ते सांगा. मी तिरमिरून खाली बसलो.

पण जात राहिलो. तिथली रीत अशी की आपण केलेलं जसंच्या तसं आधी स्वतः बघायचं, बैठकीत बोलायचं आणि मग ज्याचं नुकसान केलं त्याच्यापुढे जाऊन तेच सांगायचं. एकानं पतंगावरून पोराला मारलं होतं. एकानं बायकोच्या पायातली जोडवी काढून नेली होती. ते सांगताना रडायचे आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्याकडे बघायला काहीतरी होतं. माझ्याकडे झोका होता, मांडे होते आणि मग दुसरी सकाळ. मी स्वतःची झडती घ्यायला तयार होतो, पण माल मायच्या पोटात होता.

शेजारच्या वहिनींना विचारलं. "तुमच्या घरातलं आम्हाला काय ठाऊक, भाऊ," म्हणत त्यांनी दारात खेळणाऱ्या मुलीला आत ओढून घेतलं. पूर्वी त्या तसं करत नसत.

मायला पुन्हा विचारलं, मग ओरडलो, "सत्य दडपणं हासुद्धा गुन्हाच असतो!"

"तुनं भाषण गेटवर दे, भाऊ," ती पीठ चाळत म्हणाली. "आठे नको."

पुढची अखाजी आली. मायनं काय निरोप धाडला कोण जाणे, ताई आली. हातात पिशवी नव्हती, म्हणजे मुक्काम नव्हता. मायनं नवं खापर घेतलं होतं. तिघं जेवायला बसलो. आमरसाची वाटी घ्यायला ताईनं हात पुढे केला, बांगड्या मागे सरकल्या आणि मनगटाच्या वर मला कातडीचा एक चट्टा दिसला. फिकट, चुरगळलेला.

"ताई, हे..."

"खापर तडकलं होतं," ती मायकडे बघत म्हणाली. माय वाढत राहिली.

जेवण झाल्यावर मी तिच्यामागे लिंबाखाली गेलो. मायशी आम्ही अहिराणी बोलतो, आपसात शाळेतली मराठी. वर्षभर मनात घोळवलेलं मी म्हणून टाकलं, "ताई, माझं जे काही चुकलं असेल त्याबद्दल मला माफ कर."

"जे काही म्हणजे काय?"

"मला आठवत नाही."

"मला आठवतं."

"मग सांग ना! मला ते ऐकायचंच आहे."

"तुला हलकं व्हायचंय म्हणून मी सांगू?" ती चिडली नव्हती. तेच वाईट होतं. "मी सांगितलं की तू ते छान भाषेत मांडशील. लोकं रडतील. हात माझाच राहील."

तिनं झोक्याचा दोर ओढून पाहिला. "बांधलास चांगला," म्हणाली, पण बसली नाही. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं म्हणून निघाली. माय मांडे फडक्यात गुंडाळून तिच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत धावली. मी झोक्यापाशीच उभा राहिलो.

रविवारी काकांनी खुणेनं उठवलं. मी उभा राहिलो. "मी माझ्या बहिणीचा हात..." म्हणालो आणि थांबलो. धरला, ढकलला की खापरावर टेकवला, मला माहीत नाही. खोलीत कुणी हसलं नाही. काका वाट बघत होते. मी तसाच उभा होतो.