आग्रा रोडवरचं सुकाणू

नाना कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत उठायचे आणि दिसेल ते टोपण अर्धा आटा सैल करून ठेवायचे. लोणच्याची बरणी, रॉकेलचा कॅन, माझी शाईची बाटली, सगळं. उघडायचे नाहीत हां, फक्त सैल करायचे. आई प्रचंड वैतागायची. एकदा साक्रीला लग्नाला जाताना एसटीत तिच्या पिशवीत तेल सांडलं, नवी साडी गेली. परत आल्या आल्या ती भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली, "नाना, तुमच्या हाताला झालंय तरी काय?" पलीकडून उत्तर आलं, "हाताले नही वहिनी, डोक्याले!" आणि मग ते हसले. मला तेव्हा ते हसणं साधंच वाटलं होतं.

आमचं घर धुळ्यात आग्रा रोडला लागून, आणि भिंतीला भिंत लावून नानांचं गॅरेज. एकटा जीव. उंच, वाळलेले, पांढऱ्या पायजम्यावर ग्रीसची बोटं उठलेली. काम एकच, ट्रकचं स्टेअरिंग. क्लच, ब्रेक, इंजिन, काही सांगा, हात लावणार नाहीत. इंदूरकडून येणारे ड्रायव्हर हिंदीत, मुंबईकडून येणारे कुठल्याही भाषेत विचारत यायचे, स्टेअरिंगवाले नाना कुठं? नाना गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. ड्रायव्हरला खाली उतरवायचे आणि विचारायचे, "हलकं की जड?"

हा त्यांचा प्रश्न. चाक हलकं लागत असेल तर मधलं काहीतरी तुटलंय नाहीतर सुटलंय, तुम्ही नुसती हवा फिरवताय. जड लागत असेल तर कुठंतरी काहीतरी अडकलंय. अर्धं निदान इथंच व्हायचं. पुढं ते चाकापासून निघून एकेक जोड हातानं चाचपत टायरपर्यंत जायचे, कधी उलटे नाहीत. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणितात नापास झाले तेव्हा घरी सगळे बोलले, नानांनी फक्त विचारलं, "हलकं की जड?" मी रडत म्हटलं, जड. "मग तुटलं नही, अडकलं शे. अडकलेलं निघतं पोरी." आणि खरंच निघालं, ऑक्टोबरात! वर्गात मेकॅनिकलला मी एकटी मुलगी, सबमिशनचं निम्मं जर्नल मी नानांच्या गॅरेजात बसून लिहिलंय.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलेय. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एक बोटीचं स्टेअरिंग होतं. हो, बोटीचं! धुळ्यात! पांझरेला वर्षातले आठ महिने गुडघाभर पाणी नसतं आणि या माणसाकडे सुकाणू. म्हणजे सगळी नक्कल, पण चालणारी. पुढं जुन्या ट्रकचं चाक. त्याच्यामागं सायकलची चेन. चेनच्या दोन्ही टोकांना तारेचे दोर, ते विहिरीच्या चार पुल्ल्यांवरून मागं गेलेले. मागं पत्र्यातून कापलेलं अर्धं चाक, ते एका उभ्या लोखंडी दांड्यावर बसवलेलं, आणि त्या दांड्याच्या खाली सिमेंटच्या हौदात बुडालेलं सागवानी सुकाणू. चाक फिरवलं की हौदातलं पाणी हलायचं. रोज दुपारी जेवण झालं की नाना तिथं जायचे. चाक, चेन, तार, पुल्ली, अर्धं चाक, सुकाणू. हातानं चाचपत. मग परत पहिल्यापासून. मधेच थांबायचे आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं मान वळवून म्हणायचे, "हो साहेब."

शेडमध्ये कुणी नसायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणी गिऱ्हाईक आलं असेल. मी भिंतीवरून डोकावले. भर उन्हात रोड रिकामा, टपरीवाल्यानं पडदा टाकलेला, आणि नाना चाकाला हात न लावता उभे. आणि चाक फिरत होतं. फार नाही, पाव वेढा. डावीकडे, अगदी हळू, झोपेत माणूस कूस बदलतो तसं. मग हौदात डुबुक असा आवाज. नाना म्हणाले, "हो साहेब, पाहतो." घड्याळात अडीच वाजले होते. दुसऱ्या दिवशीही अडीचच.

मी अर्थातच लगेच शोध लावला! पत्र्याची शेड, तार तापते, तापली की लांबते, एक बाजू जास्त तापते, म्हणून चाक सरकतं. आकृती काढून नानांना दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बठ्ठं, सगळं बरोबर शे." डिसेंबरात एकदा दिवसभर ढग होते, आई स्वेटर घालून तांदूळ निवडत बसली होती, त्या दिवशीही चाक पाव वेढा फिरलं. मी दुसरी आकृती काढली नाही.

साहेबांची गोष्ट आग्रा रोडला सगळ्यांना माहीत होती. मी शाळेत होते तेव्हा इंदूरचे एक रिटायर्ड इंजिनिअर आपली शिडाची बोट ट्रेलरवर घालून मुंबईला निघाले होते. सहा वर्षं खपून अंगणात स्वतः बांधलेली, चांगली तीस फुटी. धुळ्यात ट्रेलरचा ॲक्सल मोडला आणि ती पांढरी बोट नानांच्या गॅरेजपुढं पंधरा दिवस उभी राहिली. मला आठवतं, बायका तिला हळदकुंकू लावून जायच्या, कुणी नारळही फोडला. रस्त्याच्या धक्क्यांनी बोटीचं स्टेअरिंग खिळखिळं झालं होतं, ते नानांनी नीट केलं. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, पहिल्या फेरीला तुम्ही पाहिजेच. नाना गेले. ज्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता, पोहता येत नव्हतं, तो माणूस गेला. आठवड्यानं एकटे परत आले. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर स्टेअरिंगची तार तुटली, बोट गर्रकन वळली, शिडाखालचा आडवा दांडा साहेबांना लागला आणि ते पाण्यात गेले. "एकदम गेले," नाना एवढंच सांगायचे. पोलिसांना तेच, साहेबांच्या घरच्यांना तेच, टपरीवर तेच. संध्याकाळी कोळ्यांच्या होडीनं नानांना उतरवून घेतलं, बोट ओढून आणली. साहेब सापडलेच नाहीत.

मी शेवटच्या वर्षाला होते. मे महिना. दुपारी दोनला एक बाई गॅरेजपुढं रिक्षातून उतरल्या. पस्तिशीच्या असतील, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं लाल. मी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "मी साहेबांची मुलगी." नाना ट्रकखाली होते, ते तसेच आडवे राहिले. फक्त पाय दिसत होते, आणि ते पाय हलायचे थांबले.

"नाना, बोट इतकी वर्षं गोदीत झाकून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "आता विकायची म्हणून उघडली. चाकाच्या मागं डेकवर एक जागा खोदलेली आहे. पेचकसानं खोदल्यासारखी, वेडीवाकडी, खूप खोल. ती कुणी खोदली?"

नाना बाहेर आले. हात पुसले. मग म्हणाले, "ताई, मागं चला. तुम्हाले दाखवतो."

मी पण गेले. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

शेडमध्ये नानांनी त्यांना चाकापुढं उभं केलं आणि पक्कड घेऊन एक तार तोडली. ज्या तारेला ते मला धूळसुद्धा पुसू द्यायचे नाहीत, ती! "फिरवा. हलकं की जड?"

"हलकं."

"तुमचे बाबा पण हेच इचारत होते. पाण्यातून."

ताईंचे हात चाकावरच राहिले.

"एकदम गेले असं मी सांगलं. ते खोटं शे. ते पाण्यात होते आणि बोलत होते. शांत, मास्तर शिकवतो तसं. बोट शिडावर लांब चालली होती आणि ते तिकडून सांगत होते. नाना, हलकं की जड? मी वरडलो, हलकं! म्हने, मग तार गेली, तिचा नाद सोड. मागं पितळी टोपण आहे, ते काढ. त्याच्याखाली सुकाणूच्या दांड्याची चौकोनी मुंडी आहे. लोखंडी हँडल तिच्यावर बसव आणि हातानं बोट वळव. मला घ्यायला ये." "टोपणच नव्हतं ताई. मीच बुजवलं होतं. इथं, धुळ्यात. बोट धुतली की तिथून पाणी झिरपत होतं. मले वाटलं, हे बिनकामाचं भोक कशाले. आम्ही ट्रकच्या बॉडीला मारतो तशी पुटी मारली, घासली, वर पांढरा रंग. असं सपाट केलं की बोटाले लागणार नही. आणि तिथं समुद्रात मले माझीच जागा सापडेना. पेचकस घेऊन खोदत गेलो. ते सांगत होते, मागं, अजून मागं, चाकाच्या दोन हात मागं. मग लांबून. मग कमी कमी. मी टोपण काढलं, हँडल बसवलं, बोट वळली. ताई, बरोबर वळली. तोवर पाणी सपाट होतं."

बाहेर एक ट्रक गेला. मला आठवतं, मी त्या ट्रकवर मनातल्या मनात भयंकर चिडले होते.

"तेव्हापासून रोज येतात. अडीचला," नाना म्हणाले. "तेच सांगतात. मी तेच करतो."

ताईंनी पिशवीतून एक निळं आंतर्देशीय पत्र काढलं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं, वाच म्हणाल्या. मी वाचलं. साहेबांचं अक्षर, धुळ्याहून घरी लिहिलेलं. हवा, ॲक्सल, इथली शेवभाजी फार तिखट, आणि मग हे: नानांनी मागचं टोपण पुटी मारून असं गायब केलं आहे की मलाही शोधावं लागतं. गळती थांबली. दिसायला सुरेख झालं आहे, म्हणून राहू दिलं. मुंबईला पोचलो की मोकळं करीन.

नानांनी मला तेवढंच परत वाचायला लावलं. तीन वेळा. मला वाटलं आता ते रडतील, नाहीतर त्यांचं ओझं उतरेल, असं काहीतरी चांगलं होईल. तर ते चिडले! इतके चिडलेले नाना मी कधी पाहिले नव्हते.

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"विसरले असतील नाना," ताई म्हणाल्या. "मुंबईला पोचल्यावर घाई झाली असेल. आणि पाण्यात पडल्यावर माणसाला काय आठवणार?"

"रोज येऊन मले सांगायचं आठवलं ना पण! इतकी वर्षं रोज आठवलं!"

तेवढ्यात चाक फिरलं. तार तोडलेली होती, तरी पाव वेढा, डावीकडे. ताईंनी हात झटकन मागं घेतला. मी घड्याळ बघितलं नाही, खरंच सांगते, धीरच झाला नाही. नाना चाकापुढं गेले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि शेजारच्या दुकानदाराशी भांडावं तशा आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्हीबी पाह्यलं होतं. सुरेख शे म्हनले होते. आता मले नका सांगू."

चाक जिथं होतं तिथं थांबलं. हौदात आवाज झाला नाही. मग ताईंनी डोळे पुसले आणि एकदम रोजच्या आवाजात विचारलं, "नाना, बोट मी विकत नाही. येता का नीट करायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. सामान म्हणजे एक वळकटी आणि हत्यारांची पेटी. मी म्हटलं, "नाना, भीती वाटत नाही का पाण्याची?" खिडकीतून म्हणाले, "वाटस ना. पण पाण्याची भीती पाण्याजवळ बरी. आठे धुळ्यात बसून कशाले वाटून घेऊ?" मग गॅरेजची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले, गिऱ्हाईक आलं तर सांग, नाना नही. बस हलली तेव्हा ते पुढं ड्रायव्हरच्या चाकाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

ते परत आलेच नाहीत. ताईंची बोट झाली, मग त्याच गोदीत दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. तिथं आता त्यांना स्टेअरिंगवाले नाना म्हणतात म्हणे. मी जळगावला नोकरीला लागलेय, शनिवारी घरी येते, शेड झाडून ठेवते. मागच्या महिन्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तब्येत बरी आहे, मासे खायला शिकलो, वहिनींना नमस्कार. आणि खाली, जागा संपत आली होती तिथं बारीक करून: साहेब इथं एकदाही आले नाहीत. शांत झोप लागते. तिकडे गॅरेजात काही ऐकू येतं का? खरं कळव.

मी आजवर नानांशी कधी खोटं बोललेले नाही. कार्ड आणून ठेवलंय, पत्ता लिहिलाय, ती. नानांस सा. न. लिहिलंय. आज शनिवार, अडीचला मी शेडमध्येच होते. पुढची ओळ अजून कोरी आहे.