हौसाआत्यांच्या रिकाम्या पेट्या

हौसाआत्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं डोकं एका लाकडी पेटीत होतं. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला लागून मला चार दिवस झाले होते आणि मी कुरुळीत खोली शोधत फिरत होतो. दहा खोल्यांच्या एका चाळीसमोर साठीची एक नऊवारीतली बाई गुडघ्यांवर बसून, रिकाम्या पेटीत तोंड घालून जोरजोरात श्वास घेत होती. मी खाकरलो. डोकं बाहेर आलं.

"हिकडं ये. वास घे."

नाव नाही, गाव नाही. मीही मुकाट्याने वाकलो.

"कशाचा येतोय?"

"मेणाचा. आणि गवती चहाचा."

"आनि लाकडाचा?"

"नाही."

"नाक चांगलं हाय तुझं. सात नंबर रिकामी हाय, घे."

अशी मला खोली मिळाली. आधार कार्डाची झेरॉक्स त्यांना तिसऱ्या दिवशी आठवली. तोवर मी 'सात नंबर' झालो होतो. आत्यांच्या चाळीत कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. तीन नंबर रत्नागिरीकडचे, पाच नंबर परभणीचे, मी लातूरचा. कुणाला हाक मारायची तर आत्या अंगणातून नुसता आकडा ओरडायच्या.

त्या पेटीचं कोडं पहिल्याच फाल्गुनात उलगडलं. झाडं फुलायला लागली की भरलेलं मोहोळ फुटतं. जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन बाहेर पडते, एखाद्या फांदीला घोसासारखी लटकते, आणि तिथून काही माश्या नवं घर शोधायला निघतात. ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणाऱ्या ह्या सातेरी माश्या. त्यांच्यासाठी आत्या गावभर रिकाम्या पेट्या मांडून ठेवायच्या. एक चाळीच्या गच्चीवर, एक मारुतीच्या देवळामागच्या चिंचेवर, एक पंक्चरवाल्या अण्णाच्या पत्र्यावर. आतून जुनं मेण चोळायचं, गवती चहाची पात चुरगाळून कोपऱ्यात टाकायची, आणि मग वाट बघायची. आग्या मोहोळाच्या मात्र वाटेला जायचं नाही. "आग्याला लांबून नमस्कार करायचा," त्या सांगायच्या, आणि दिसलं की खरोखरच हात जोडायच्या.

पेट्या कंपन्यांच्या भंगारातल्या लाकडाच्या. परदेशातून मशीन ज्या खोक्यांत येतात त्यांच्या फळ्या. त्यामुळे प्रत्येक पेटीवर कुठे ना कुठे काचेच्या पेल्याचं आणि उघड्या छत्रीचं चित्र असायचं. मी एकदा त्याचा 'माल नाजूक आहे, भिजवू नका' हा अर्थ समजावून सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "ठावं हाय मला. आत प्याला हाय, छत्री हाय. ऱ्हानाऱ्याला अजून काय पायजे?"

नवं लाकूड त्या वर्षभर उन्हापावसात टाकून ठेवायच्या. "नव्या लाकडाच्या वासानं माश्या बिचकत्यात. तुला तरी नव्या कंपनीत पहिल्या दिवशी बरं वाटलं व्हतं का?"

नव्हतं वाटलं.

ही विद्या त्या तालुक्याच्या एका सरकारी शिबिरात शिकल्या होत्या. तीस पुरुष आणि ह्या एकट्या. शिकवणारे गुरुजी म्हणाले, आज आपण माश्या कशा पकडायच्या ते बघू. ह्यांनी मागून हात वर केला. "पकडायच्या कशाला? बोलवू की!" सगळा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ह्यांना बाजूला बोलावून रिकाम्या पेटीची युक्ती सांगितली. ही गोष्ट मी आत्यांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली असेल. दर खेपेला वर्गातले पुरुष वाढायचे. शेवटी शेवटी ते शंभराच्या पुढे गेले होते.

वसलेल्या पेट्या त्या फार दिवस ठेवत नसत. मोहोळ रुजलं की मावळातल्या, जुन्नरकडच्या कुणा ओळखीच्या बागायतदाराकडे द्यायच्या. देताना लग्न ठरवण्याचा थाट. पाणी जवळ आहे का, औषध कधी मारता, घरात तापट माणूस कोण? एकाला त्यांनी केवळ तो फोनवर फार मोठ्याने बोलतो म्हणून परत पाठवलं होतं.

पण खरी गंमत टेहळणीच्या दिवसांत. पेटीच्या भोकाशी पाच-सहा माश्या घुटमळताना दिसल्या की चाळीत संचारबंदी. "बघायला आल्यात!" असं आत्यांनी जाहीर केलं की गच्चीवर कपडे झटकायचे नाहीत, उदबत्ती लावायची नाही, कुकरची शिट्टीसुद्धा जपून. तीन नंबरच्या वहिनींनी एकदा विचारलं, "आत्यानू, माश्यांक शिट्टी ऐकाक येता?" आत्या म्हणाल्या, "मला येती. माझं ध्यान मोडतं." मग त्या गच्चीवर पाटावर बसून माश्या मोजायच्या. माश्या आत जायच्या, भिंतींवरून चालायच्या, बाहेर येऊन पेटीला वळसा घालायच्या. "मापं घेत्यात बघ. तुझ्यावानी नुसता वास घेऊन खोली घेत न्हाईत."

सकाळी रिकामा असेल त्या भाडेकरूच्या गाडीवर बसून आत्यांची पेट्यांची फेरी निघायची. सेकंड शिफ्ट लागली की मी सापडायचो. त्यांना मागे बसवून मी महाळुंग्यापर्यंत गेलोय. वाटेत कंटेनरांची रांग लागली की त्या मागून कंपन्यांकडे बोट दाखवत सांगायच्या, "हितं आमचा हरभरा व्हता. तितं पेंट मारत्यात ना, तितं हीर व्हती." आवाजात तक्रार नसायची. पत्ता सांगावा तसं सांगायच्या.

आमच्या कंपनीतला प्रसंग घडला तेव्हा मला तिथे दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी दुपारी दोनला मोठ्या ग्राहकाचे लोक ऑडिटला येणार होते. महिनाभर आम्ही फरशीवरचे पिवळे पट्टे रंगवत होतो. आणि सकाळी अकराला गेटजवळच्या कडुनिंबावर, पाहुण्यांना गुच्छ द्यायचे त्या जागेच्या बरोबर वर, भोपळ्याएवढा माश्यांचा घोस लटकला. ॲडमिनचे साहेब घामाघूम. त्यांनी औषध फवारणाऱ्याला फोन केला. मी घाबरत म्हणालो, "सर, आमच्या आत्या आहेत एक." त्यांनी मला तासभर दिला. फवारणारा तेवढ्यात येणारच होता.

आत्या अण्णाच्या मोटरसायकलवरून, मांडीवर पेटी घेऊन आल्या. गेटवर सिक्युरिटीने रजिस्टर पुढे केलं.

"कुनाला भेटायचंय?"

आत्यांनी झाडाकडे बोट दाखवलं. "त्यास्नी."

त्याने तसं लिहिलं की नाही मला माहीत नाही. पण नियम म्हणजे नियम. पदरावरून पिवळं हेल्मेट बसलं, चपला काढून सेफ्टी शूज आले. ते दोन नंबरांनी मोठे होते. तशा फताफता चालत त्या झाडाखाली गेल्या, घोसाकडे बघितलं आणि पेटी एका ड्रमवर मांडून शेजारी बसल्या.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता त्यांचा इचार हुंद्या. सांजपत्तुर ठरवतील. न्हाई तर उद्याच्याला."

"अहो, दोनला पाहुणे येणारेत!"

एवढ्यात फवारणारा आला, मास्क लावून, पाठीवर पंप घेऊन. आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मी त्यांना दोन वर्षांत कधी घाई करताना पाहिलं नव्हतं. त्या उठल्या आणि कँटीनमधून एक सूप मागवून घेतलं. फवारणाऱ्याला म्हणाल्या, "बाबा, तो पंप खाली ठिव आनि शिडी धर. घट धर." त्याने बिचाऱ्याने धरली. आत्या सूप घेऊन वर चढल्या आणि उघडा हात, कोपरापर्यंत, हळूच त्या घोसाखाली घातला. खाली दीडशे माणसं श्वास रोखून. कणकेचा गोळा परातीत सोडावा तसा त्यांनी तो घोस सुपात घेतला, खाली उतरल्या आणि पेटीत ओतला. एक माशी नाकाच्या शेंड्याला चावली. "राणी आत गेली का बघ," नाक चोळत त्या मला म्हणाल्या. राणी मला दिसली नाही. पण भोकाशी माश्या मागचा भाग उंचावून, बाकीच्यांना आत बोलवावं तसे पंख फडफडवत उभ्या राहिल्या आणि उरलेल्या सगळ्या, शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये शिराव्यात तशा, आत जायला लागल्या. पावणेदोनला झाड मोकळं झालं.

पाहुणे आले तेव्हा आत्या सुजलेल्या नाकानिशी, डोक्यावर हेल्मेट, मांडीवर पेटी घेऊन अण्णाची वाट बघत गेटवर बसल्या होत्या. ग्राहकाच्या मुख्य साहेबांनी चौकशी केली. आमचे साहेब क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "हा आमचा पर्यावरण उपक्रम, सर." मुख्य साहेब पंधरा मिनिटं पेटीशीच रमले. तेवढ्याने आमची एक लाइन तपासायची राहून गेली. आठवडाभर साहेब मला 'राव' म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी मी कंपनीतून ऑडिट पार पडल्याचे पेढे घेऊन आलो तर आत्या गच्चीवर एकट्याच बसलेल्या. पेटी रिकामी. सकाळी सगळ्या माश्या उठून निघून गेल्या होत्या.

"वढून आनल्या मी," त्या म्हणाल्या. "घाई केली."

"आत्या, नाही तर मेल्या असत्या त्या."

"ते बी खरं हाय." त्यांनी कंपन्यांच्या पत्र्यांकडे हात केला. "आमची जमीन गेली तवा बी सगळी म्हनली, तुमच्या भल्याचंच हाय. आसंल बी. ह्या खोल्या झाल्या, खायला कमी न्हाई. पर इचारलं न्हाई रं कुनी." मग पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "गोड जास्त झालाय."

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली, सात नंबर अपुरी पडायला लागली. चऱ्होलीत फ्लॅट घेतला. निघायचा दिवस फाल्गुनातलाच होता. टेंपो भरून तयार, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि आत्यांचा पत्ता नाही. तीन नंबरच्या वहिनी म्हणाल्या, "गच्चीर आसत." मला जरा रागच आला. पाच वर्षं राहिलो, निरोपाला खाली उतरायला काय हरकत होती?

आम्ही तिघं वर गेलो. पाया पडायला वाकणार तोच आत्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाकू नगं. हालू नगं."

आधी नुसता आवाज आला, लांबून येणाऱ्या टेंपोसारखा. मग कंपन्यांच्या पत्र्यांवरून एक तपकिरी धूर आमच्याकडे सरकताना दिसला. बघता बघता तो गच्चीवर आला आणि आम्ही त्याच्या आतच सापडलो. डोक्यावर, हातांभोवती, कानांशी हजारो माश्या, आणि एकही चावत नव्हती. बायकोने मुलीला ओढणीखाली घेतलं. पण मुलीनेच ओढणी बाजूला सारून तोंड वर केलं. खाली ड्रायव्हरने काचा लावून घेतल्या. इतक्या वर्षांत पेट्या भरलेल्या पाहिल्या होत्या, पण भरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. माश्या पेटीवर उतरल्या, तिचं लाकूड दिसेनासं झालं, आणि मग पाणी मोरीत उतरावं तशा त्या एवढ्याशा भोकातून आत गेल्या. आत्यांनी माझं मनगट धरलं होतं. किती घट्ट ते नंतर वळ पाहून कळलं.

शेवटच्या दहा-बारा राहिल्या तेव्हा त्यांनी हात सोडला, मुलीच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि डोळे पुसत कुजबुजल्या, "आता निघा. जिना सावकाश उतरा. नवं बिऱ्हाड आलंय."