बसा ना, आत्या

रविवारी दुपारी जेवणं उरकून मी आडवी होते. झोप लागलीय की नाही, कळत नाही. पंखा ऐकू येतो, पलीकडच्या खोलीत नवरा, मिलिंद, लेकीला गोष्ट सांगतोय तेही ऐकू येतं. आणि पायथ्याशी इंदूआत्या उभ्या असतात.

मिलिंदच्या या आत्या गेल्या पौषात गेल्या. पहिल्या बाळंतपणात अडल्या, मूल हाती लागलं नाही, आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं. का, ते घरात कुणी बोलत नसे.

"बसा ना, आत्या," मी म्हणते.

"नको गं. मी आपली उभीच बरी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुंज असो, लग्न असो, आत्या कधी पंगतीला बसल्या नाहीत. आताही बघते तर खोलीचा मांडव झालाय आणि त्या वाकून वरण वाढताहेत. इंदूचा कामाचा उरक बघा, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. मीही म्हणायची. त्यांना शेवटची अंघोळ घालताना आम्हा बायकांना कळलं. लुगड्याच्या आत मऊ जुन्या कापडाच्या घड्यांवर घड्या, आणि सोललेल्या मांड्या. त्या बाळंतपणापासून लघवी जन्मभर गळत होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि पाणी ओतत राहिलो.

 तेव्हा माझ्याही साडीच्या आत घडी होती. लेकीच्या वेळी चिमटा लावून तिला ओढून काढावं लागलं, खालपर्यंत फाटलं, टाके पडले. बाळ-बाळंतीण सुखरूप म्हणून पेढे वाटले. बाळंतिणीला नंतर कुणी काही विचारलं नाही.

"घे, वाढ की," आत्या वरणाचं भांडं माझ्या हातात देतात. ते उचलल्याबरोबर ओटीपोटात ओढ लागते आणि मला कळतं, झालं. मी खाली बघते तर पंगत नाही, माझा वर्ग आहे, आणि मी फळ्यापाशी उभी. शाळेतही मी खुर्चीत बसत नाही. परवा मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, सुनेत्रा बघा, दिवसभर उभं राहून शिकवते. टाळ्या पडल्या. मी मेली हसले!

बाकं रिकामी आहेत. बाकांच्या मधे बायका उभ्या आहेत, कुणी नऊवारीतल्या, कुणी पंजाबी ड्रेसमधल्या. एक तर माझ्याच वर्गातल्या मुलीची आई. सगळ्यांनी पदर, ओढण्या मागून ओढून घेतल्यात. कुणीच बसत नाही. मला फार भीती वाटते.

"आत्या, तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी? कामसू म्हणाले, मग तेच नाव पडलं. तुझंही पडत चाललंय."

"मला नाही व्हायचं तुमच्यासारखं."

बोलल्यावर मला वाईट वाटतं. आत्यांना वाटत नाही. त्या पुन्हा पायथ्याशी येऊन उभ्या राहतात, पलंगाला अंग न लावता.

"बसा ना, आत्या."

"गादी नवी आहे गं."

"असू दे. भिजली तर भिजली."

त्या माझ्याकडे बघत राहतात. मग कडेला हात टेकून, हळूहळू बसतात. बसताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो मी कधी ऐकलेला नाही. माझ्या पायांपाशी गादी दबते.

मी डोळे उघडते. सवयीनं हात आधी अंगाखाली जातो. कोरडं आहे. उठून बसते तर पायथ्याशी, जिथे माझे पायही पोचत नाहीत, तिथे चादरीवर मोठा ओला डाग आहे. हात ठेवून बघते. अजून गरम लागतो.

मिलिंद चहा घेऊन दारात उभा आहे. "काय सांडलं गं? पाणी?"

हो म्हणायची मला इतकी सवय झालीय की मान हलतेच. तो फडकं आणायला वळतो.

"पुसू नकोस," मी म्हणते. "दार लाव आणि इथे बस. पाणी नाहीये ते, मिलिंद. कधीच नव्हतं."